मदत हवी आहे: जास्त वेतं (बाळंतपणं) टिकणारी गाय कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला आमचा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईंचा मुक्त गोठा (गाई न बांधता मोकळ्या ठेवतो) आहे. भरपूर दूध देणाऱ्या गाई तिसऱ्या-चौथ्या वेतातच काढाव्या लागतात, जीव तुटतो. आत्ताचीच एक बघा: कास मागच्या गुडघ्याच्याही खाली लोंबतेय, चालताना सड पायाला घासतात, दगडी (कासेची सूज, कासदाह) सारखी उलटते. दुसरीचे खूर पसरट, टाच जमिनीला टेकलेली, ती लंगडतेच. धिप्पाड अंगापेक्षा कासेची बांधणी आणि पायच गाय टिकवतात, असं माझं ठाम मत झालंय. पहिलारू (पहिल्या वेताची गाय) घेताना कासेची मधली खाच आणि मागच्या पायांचा बाक तुम्ही नेमका कसा तपासता? निफाड-येवल्याकडे वळूचे कास-पायांचे गुण बघून सिमेन निवडणारं कोणी आहे का? त्यांच्या कालवडी बघायला येईन.