कर्दे ते मुरुड समुद्रात पोहण्याचा इव्हेंट करतोय, बोटी आणि पोहणारे एकमेकांपासून लांब कसे ठेवायचे?

कोकणी_मासा
नमस्कार मंडळी. दापोलीत आमचा पोहणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, यंदा थंडीत कर्दे ते मुरुड असं किनाऱ्याला समांतर साधारण तीन किमीचं पोहणं ठेवायचं चाललंय. ऐंशीएक जण येतील, त्यात पुण्याचे बरेच, म्हणजे टँकमध्ये दोन-तीन किमी आरामात मारणारे पण समुद्रात पहिल्यांदा उतरणारे. पोहण्याचं टेन्शन नाही, टेन्शन बोटींचं आहे. मुरुडच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी सकाळीच सुटतात, मग बनाना बोट, जेटस्की, आणि वरच्या अंगाला हर्णै असल्यामुळे मच्छीमार बोटींची ये-जा वेगळीच.
आमच्यातल्या एकाचं म्हणणं की जेवढ्या जास्त सेफ्टी बोटी तेवढं चांगलं, गावातल्या पंधरा बोटी भाड्याने घेऊ आणि पोहणाऱ्यांच्या अवतीभवती सोडू. मला हे काही पटत नाहीये पण मीटिंगमध्ये का ते नीट सांगता येईना. ज्यांनी असे इव्हेंट केलेत किंवा पोहलेत त्यांनी सांगा प्लीज. परमिशनचं बघतोय, बंदर खात्याच्या ऑफिसात आणि सागरी पोलिसांकडे अर्ज दिलाय.

गेटवे_स्विमर
दादा तुमचं बरोबर आहे, पंधरा बोटी म्हणजे पाण्यात पंधरा पंखे (इंजिनचे प्रोपेलर) फिरणार आणि तेसुद्धा बरोब्बर माणसांच्या मधे. बाहेरून येणाऱ्या बोटीची सगळे काळजी करतात पण पोहणाऱ्याच्या सगळ्यात जवळ असते ती आपलीच सेफ्टी बोट हे कोणी बोलत नाही.
एका स्पर्धेत बघितलंय (नाव नाही घेत), कोणीतरी हात वर केला म्हणून एकदम तीन बोटी तिकडे धावल्या, तिघांनाही वाटलं आपणच उचलायचं, त्यातला एक मागे घ्यायला रिव्हर्स मारतोय आणि त्याच्या मागेच चार पोरं पोहतायत. काही झालं नाही, पण ते नशीब.
साधा हिशोब सांगतो तो मीटिंगमध्ये सांगा. २० नॉटने पळणारी फायबर बोट सेकंदाला साधारण १० मीटर कापते. लाटा असतील तर पोहणाऱ्याचं डोकं १०० मीटरवरून दिसलं तरी खूप झालं, म्हणजे हातात दहा सेकंद, आणि त्यात स्पीडमुळे बोटीचं नाक वर उचललेलं असतं त्यामुळे चालवणाऱ्याला समोरचं पाणीच दिसत नाही. पोहणारा बिचारा ताशी तीन किमीने चाललाय, तो काय बाजूला होणार. त्याला तर बोट आलीय हेच कळत नाही, कानात पाणी आणि तोंड खाली.
मी असं करीन: पोहणारे किनाऱ्याच्या बाजूला, त्यांच्यात फक्त कयाक आणि रेस्क्यू बोर्ड, म्हणजे पंखा नसलेली वस्तू. इंजिनच्या बोटी चार-पाच बास, आणि त्या सगळ्या बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) लाइनच्या बाहेर, तोंड समुद्राकडे. त्यांचं काम पोहणाऱ्यांकडे बघणं नाहीच, येणाऱ्या बोटीला अडवणं हे आहे. आत यायचं ते फक्त कयाकवाल्याने बोलावलं तर, एकाच बोटीने, आणि माणसाच्या जवळ पोचल्यावर न्यूट्रल नाही तर इंजिन सरळ बंद. न्यूट्रलला पण पंखा कधीकधी हळू फिरत राहतो. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला लावलेली पाहिजे, नाहीतर ती नुसती लोंबकळत असते शोभेला. आणि पोहणाऱ्यांना ब्रीफिंगमध्ये ओरडून सांगा की बोट पकडायची तर पुढून नाळेकडून, मागे जायचं नाही, कितीही दमलात तरी.
टोपी पिंक, केशरी किंवा पोपटी द्या. निळी-पांढरी वाटू नका, फेसात गायब होते. कंबरेला ओढायचा केशरी फ्लोट कंपल्सरी करा, टायमिंग कमी होईल म्हणून कुरकुर होईल, होऊ दे.

पंखा_अडकला
हर्णैचाच आहे मी, घरची बोट आहे. सगळं वाचलं, गेटवेवाल्या भाऊंचं बोलणं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली, तुम्ही आधी तिथी बघा मग तारीख ठरवा. पुण्याची लोकं रविवार बघतात न् समुद्र काय रविवार ओळखत नाय.
आमच्याकडचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती म्हणजे सकाळी सात-आठला पाणी जोरात चढत असतं आणि उधाणाचं, ओढ भरपूर. नवमी-दशमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाण्याला जोर नाय आणि सकाळी तुम्ही पोहत असाल तेव्हा भरती पूर्ण होऊन पाणी उभं राहिलेलं. त्यात रविवार बसला तर उत्तम. टाइड टेबल बघाच पण हा अंदाज कामाला येतो.
दुसरं वारा. थंडीत सकाळी मतलई असते, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यावरून पाणी एकदम गुळगुळीत दिसतं आणि तुम्ही खूश, पण जो दमून थांबला तो हळूहळू बाहेर जायला लागतो, कयाक पण. म्हणून बोटी बाहेरच्या अंगाला पाहिजेत हे खरं. दहानंतर वारा फिरतो न् पाणी खवळतं, त्याच्या आत सगळी वर आली पाहिजेत.
आता बोटवाल्यांचं. पाण्यात माणसं आहेत हे झेंडा लावून सांगायची ती परदेशी भाषा इथं निम्म्या लोकांना माहीत नाय. पण बांबूला लावलेला जाळ्याचा बावटा दिसला की कुठलाच तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) वरून बोट घालत नाय, पंखा अडकला तर दिवस गेला (माझं नाव काय उगाच नाय पडलं). तर बाहेरच्या लाइनला तसेच बांबूचे बावटे लावा, दर शंभर-दोनशे मीटरला एक, केशरी कापड मोठं. फक्त त्यांना एकमेकाला दोरीने जोडू नका, तुमचीच बोट त्यात अडकायची. आणि मच्छीमार सोसायटीत आधी येऊन सांगा की अमुक दिवशी हे बावटे जाळ्याचे नाहीत, माणसं आहेत आत. कागद चिकटवून जाऊ नका, कोण वाचत नाय, मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर या, सगळे तिथेच असतात.

कोकणी_मासा
वा, हे बावट्याचं भारीच. तिथीचं आजोबा सांगायचे पण डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. एक, बाहेरच्या बोटींची तोंडं समुद्राकडे, मग पोहणाऱ्यांवर लक्ष कोणाचं? कयाक आम्हाला सात-आठच मिळतायत. दोन, डॉल्फिन बोटवाले म्हणतात सीझनची सकाळ आहे, धंदा का बंद ठेवू. त्यांचंही चूक नाही.

डोव्हरकर
मी इंग्लंडमध्ये असतो, इथे उन्हाळ्यात ओपन वॉटर इव्हेंटला कयाकवर व्हॉलंटियर म्हणून जातो. एक सांगावंसं वाटतं, आपल्याकडे इंग्लिश चॅनेलचं मॉडेल डोक्यात असतं, मिहिर सेन १९५८ ला आणि आरती साहा १९५९ ला पोहून गेले तेव्हापासून "पोहणारा आणि शेजारी बोट" हेच चित्र. पण ते एका माणसाला एक पायलट बोट असं आहे, बोट त्याच्याच स्पीडने तासन्‌तास बाजूला चालते, आणि जहाजांचा रस्ता कसा ओलांडायचा, कधी थांबवायचं हे सगळं पायलट ठरवतो. पोहणाऱ्याने बोटीला हात लावला तर बाद, म्हणून खायचं-प्यायचंसुद्धा दोरीला बांधलेल्या बाटलीतून नाहीतर काठीच्या टोकाला जाळीत घालून. ते मॉडेल ऐंशी माणसांना लावायला गेलं की तुमच्या मित्राच्या पंधरा बोटी होतात. घोळक्याला वेगळी पद्धत लागते, जागा वाटून द्यायची. तीन किमीचे सहा तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा एक कयाकवाला, तो आपला तुकडा सोडत नाही, पोहणारे त्याच्यासमोरून जातात. कयाक पोहणाऱ्यांबरोबर चालत राहिले की सगळे पुढच्या फास्ट लोकांबरोबर जातात आणि मागचे उघडे पडतात, हे इथेही होतं. उरलेला एक कयाक शेवटच्या माणसाच्या मागे.
लक्ष कोणी ठेवायचं तर किनाऱ्यावरून. तुमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे ना? मग सकाळी सूर्य डोंगरावरून जमिनीच्या बाजूने वर येणार. बाहेरच्या बोटीतला माणूस आत बघेल तर त्याच्या डोळ्यात सूर्य आणि पाण्यावर चकाकी, त्याला डोकी दिसणारच नाहीत. तेच वाळूवरच्या माणसाच्या पाठीशी सूर्य. जीपच्या टपावर किंवा मचाणावर दुर्बीण घेऊन दोन-तीन जण बसवा, हातात वॉकीटॉकी, तेच कयाकला सांगतील. उंचीचा फरक प्रचंड पडतो.
फास्ट आणि स्लो एकत्र सोडू नका, दहा-दहा मिनिटांनी तीन बॅच. पसारा किती लांबतो ते बघून शेवटच्या बॅचला कटऑफ ठेवा.

आयसीयूवाली_ताई
दोनच मुद्दे, ड्युटीवर आहे.
मोजदाद. २०१० साली यूएईतल्या फुजैराला १० किमीच्या वर्ल्ड कप शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा स्विमर पोहतानाच वारला. एवढी मोठी इंटरनॅशनल शर्यत, आणि तो बाहेर आलेला नाही हे त्याच्याच टीममधल्या मुलाच्या लक्षात आलं, आयोजकांच्या नाही. पाणी भयंकर गरम होतं, त्यानंतर पाणी ३१ डिग्रीच्या वर असेल तर शर्यत नाही असा नियम आला. आपल्याकडे थंडीत एवढं तापत नाही पण मोजदादीचा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे. पाण्यात उतरताना एकच दार, तिथे नंबर टिक होणार, बाहेर येताना एकच दार, तिथे टिक होणार. मधेच सोडून कर्द्याच्या वाळूवर चालत निघालेला माणूस हा सगळ्यात मोठा घोळ, तो चहा पीत बसतो आणि इकडे पन्नास लोक त्याला पाण्यात शोधतात, आणि त्या वेळात खरंच कोणी अडचणीत असेल तर? नंबर दोन्ही दंडांवर आणि हाताच्या पाठीवर, वॉटरप्रूफ मार्करने, सनस्क्रीन लावायच्या आधी.
दुसरं, उचलणं. मच्छीमार बोटीची भिंत पाण्यापासून बरीच उंच असते. शुद्धीत असलेला माणूस कसाबसा चढेल, बेशुद्ध ८० किलोचा माणूस दोघांना वर घेता येत नाही. आदल्या दिवशी तुमच्यातल्याच एका जाड्याला अंग सैल सोडून पाण्यात पडायला सांगा आणि बोटवाल्यांना उचलायला लावा, घड्याळ लावून. हसू येईल पण कळेल. बुडालेल्या माणसाला आधी पाच श्वास मग छाती दाबायची, टीव्हीवर नुसतं दाबताना दाखवतात ते यात पुरत नाही, ऑक्सिजन गेलेला असतो. सिलिंडर वाळूवर ठेवाच. आणि सुरुवातीची दहा मिनिटं डोळ्यात तेल घालून बघा. ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्याच टप्प्यात होतात, त्यात पहिल्यांदा समुद्रात उतरलेला माणूस घाबरतो ते सुरुवातीलाच. स्टार्टजवळ दोन कयाक जास्तीचे हवेत.

पंखा_अडकला
ताई उचलायचं आमच्याकडे आहे बघा. जुन्या जाळ्याचा तुकडा घ्यायचा, एक कड बोटीच्या काठाला आतून बांधायची, दुसरी कड पाण्यात सोडायची, माणूस काठाला समांतर त्या झोळीत घ्यायचा आणि बाहेरची कड दोघांनी ओढायची, माणूस लोळत वर येतो. मासळीचं वजन असंच घेतो. इंजिन बंद असताना हे, नाहीतर जाळं पंख्यात.
डॉल्फिनवाल्यांना पूर्ण सकाळ बंद ठेवा म्हणाल तर ऐकणार नाहीत. सात ते साडेनऊ एवढंच मागा, आणि त्यांच्यातल्याच चार बोटी सेफ्टीला घ्या पैसे देऊन. जो बाहेरच्या लाइनला स्वतः उभा आहे तो दुसऱ्याला आत सोडत नाय, आणि भावकीतला माणूस ओरडला तर ऐकतात, तुमच्या टी-शर्टवाल्या व्हॉलंटियरचं नाय ऐकत. जेटस्कीवाल्यांना मात्र लेखी घ्या.

गेटवे_स्विमर
जेटस्कीवरून आठवलं, एक जेटस्की मागे स्लेड (माणूस झोपवून ओढायची तरंगती फळी) लावून तुमच्याकडे ठेवता आली तर बघा, बाहेर उघडा पंखा नसतो आणि पाण्याच्या लेव्हलला असते त्यामुळे ताईंचा उचलायचा प्रश्न पण सुटतो. चालवणारा मात्र ट्रेनिंग घेतलेला, बीचवर राइड देणारा पोरगा नको. आणि जमलं तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर स्पर्धा असते तिथे जाऊन या, पोहायला नको, व्हॉलंटियर म्हणून. बोटी कुठे उभ्या असतात एवढंच बघत बसा.
@डोव्हरकर फ्लोटबद्दल तुमचं मत काय? आमच्याकडे काही कोच म्हणतात त्याने खोटा धीर येतो.

डोव्हरकर
येतो, खरंय. तरंगायला धरता येतो पण तो लाइफ जॅकेट नाही हे सांगायलाच लागतं. माझ्या दृष्टीने तो फक्त दिसण्यासाठी आहे आणि तेवढ्यासाठी कंपल्सरी असावा. फक्त तुमच्याकडे वारा जमिनीकडून असेल तर कोणाचा पट्टा सुटला की रिकामा फ्लोट बाहेर पळणार आणि बोटवाला त्याच्या मागे माणूस समजून जाणार, म्हणून फ्लोटवर पण नंबर लिहा.

कोकणी_मासा
मंडळी खूप खूप आभार. काल मीटिंग झाली, दहा सेकंदांचा हिशोब फळ्यावर मांडला आणि पंधरा बोटीवाला मित्र गप्प. आता चार इंजिन बोटी बाहेर (डॉल्फिनवाल्यांच्याच), एक बोट स्टार्टला, आठ कयाक, वाळूवर दोन मचाणं. पोहणारे ऐंशीवरून साठवर आणले, कारण कयाक वाढत नाहीयेत, दोघं-तिघं रुसलेत. बोटींना व्हीएचएफ (समुद्रावरचा रेडिओ) आहे, चॅनेल १६ चालू ठेवायला सांगितलंय, मचाण आणि कयाकला वॉकीटॉकी, कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सगळ्यांच्या फोनमध्ये. तारीख दशमीची बघितली, रविवार नाही शनिवार आलाय, पुणेकरांना सुट्टी काढायला लागेल.
एकच अडलंय, कोणाला बाहेर काढायचं हे शेवटी कोण ठरवणार? कोच म्हणतो मी, बोटवाले म्हणतात आम्ही.

आयसीयूवाली_ताई
कयाकवाल्याने बाहेर ये म्हटलं की यायचं, वाद वाळूवर. हे फॉर्मवर लिहून सही घ्या आधीच. आणि पूर्ण इव्हेंट थांबवायचा अधिकार एकाच माणसाला, त्याने त्या दिवशी पोहायचं नाही आणि त्याच्या घरचं पण कोणी पाण्यात नको.

पंखा_अडकला
आणि समुद्र बघून "आज नको" म्हणायचं काम तांडेलावर सोडा. डिझेलचे पैसे मात्र त्या दिवशी पण द्यायचे, इव्हेंट होवो न होवो, नाहीतर पैशासाठी तो हो म्हणेल.