कादंबरीकाराने आपल्या आठवणीवर विसंबावं का?

अडाणकाठ
माझ्या पहिल्या कादंबरीत बाबांच्या जागलीचं प्रकरण आहे. तुरीचं वावर, मचाण, रानडुकरांचा कळप, बाबांच्या हातातल्या टॉर्चचा पिवळा झोत. परवा दादा वाचून म्हणाला, "त्या साली आपल्याकडे टॉर्च कुठे होती? कंदील होता. अन् तू तर घरी तापाने फणफणत होतीस." मला तो झोत आजही दिसतो.

तेव्हापासून मेंदूविज्ञान वाचते आहे. डोळ्यातून मज्जातंतूंची जुडी बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तरी आपल्याला भोक दिसत नाही. मेंदू ते भरून काढतो. आठवणीतही तो हेच करतो. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कित्येकांनी भलतंच सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे.

म्हणून माझं मत: आठवण तपासल्याशिवाय कागदावर उतरवू नये.

जागल्या
नाही पटलं, ताई. मी आजही जागलीले जातो. अंधारात डुक्कर पाह्याचं असन तं सरळ पाहून दिसत नाही, जरासं बाजूले पाहा लागते. हे मले बापानं शिकवलं, कोण्या प्रयोगशाळेनं नाही.

अन् आठवणीचा भरवसाच नाही म्हटलं, तं कर्जापायी जिचा माणूस गेला त्या बाईचं कोण आयकन? चौकशीले आलेला साहेबही हेच म्हणते, 'बाई, तुम्हाले नीट आठवत नाही.'

अडाणकाठ
बापाने शिकवलं ते अगदी बरोबर. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, भोवताली असतात.

त्या बाईचं वाचून मात्र हात थांबला. नायसर यांच्या विद्यार्थ्यांचे तपशील चुकले, पण यान फुटलंच होतं. साहेब तारखेतली चूक धरून तिचं अख्खं दुःख नाकारतो. मी संशय घ्यायला सांगते तो स्वतःच्या लेखणीवर, तिच्या शब्दावर नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

पऱ्हाटी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला वाटतं, तुम्ही दोघंही शब्दांकडे पाहत नाही आहात. अडाणकाठ, तुमचे बाबा 'टॉर्च' म्हणायचे? आमच्या गावात तर सगळे 'बॅटरी' म्हणतात. तुमचा झोत पुस्तकातून आला असेल, वावरातून नव्हे.

अडाणकाठ
बॅटरी. हो, बॅटरीच म्हणायचे. पंधरा वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही.

जागल्या
पण कंदीलच होता हे तरी कशावरून? दादाचीही आठवणच हाय ना जी. माय असन तं तिले विचारा.