चेस्की क्रुमलॉव्हला मुक्काम न करता जावे का?

सॅकधारी

युरोपची पहिली फेरी आखणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात प्रागपाठोपाठ आता चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया भागातल्या चेस्की क्रुमलॉव्हचे नाव हमखास दिसते; मात्र ते बहुधा ‘एका दिवसाची सहल’ म्हणूनच दिसते. माझे मत असे की मुक्काम करायचा नसेल, तर या गावाला जाऊच नये.

प्रागच्या ना क्निझेत्सी स्थानकावरून निघालेली बस साधारण तीन तासांत क्रुमलॉव्हला पोहोचते. म्हणजे जाण्यायेण्यात सहा तास घालवून गावासाठी चार-पाच तास उरतात, आणि इतर साऱ्या सहलीही नेमक्या त्याच तासांत तिथे उतरलेल्या असतात. लाट्रान गल्लीतून माणसांच्या रांगेत किल्ल्याकडे सरकायचे, पुलावर फोटो काढायचा, किल्ल्याच्या खंदकात पाळलेल्या अस्वलांकडे डोकावायचे आणि ‘जुना बोहेमियन पदार्थ’ म्हणून विकले जाणारे, प्रत्यक्षात पर्यटकांमुळेच फोफावलेले ट्रडेल्निक (दांड्यावर गुंडाळून भाजलेला गोड पाव) खात परतीची बस गाठायची, एवढेच त्यात होते.

बसगाड्या निघून गेल्या की मात्र गावाचा नूरच पालटतो. व्लताव्हा नदी जुन्या वस्तीला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, त्यामुळे बंधाऱ्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज रात्री गल्ल्यांतूनही ऐकू येतो. किल्ल्याची अंगणे तिकिटाविना ओलांडता येतात, आणि भिंतींवर रंगवलेले आभासी दगडी चिरे सकाळच्या वेळी निवांत न्याहाळता येतात. तिथले 18व्या शतकातले बरोक नाट्यगृह तर चुकवू नयेच, कारण रंगमंचाखालची लाकडी यंत्रणा आणि रंगवलेले मूळ नेपथ्य इतक्या अखंडपणे फारच थोड्या ठिकाणी टिकले आहे. ते फक्त छोट्या गटांना, मार्गदर्शकासोबत आणि हंगामातच दाखवतात. एका दुपारच्या भेटीत ती वेळ जुळली तर नशीबच म्हणायचे.

शिवाय हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, झोपणारा आणि दुकानातून पाव-चीज आणून सामाईक स्वयंपाकघरात जेवणारा बॅकपॅकर गावाला दिवसाच्या पाहुण्यापेक्षा कमी तापदायक असतो, असेही मला वाटते. असहमती कारणांसह मांडावी.

निळावंती

पहिल्या भागाशी सहमत, शेवटच्या परिच्छेदाशी अजिबात नाही. आपण ज्या डॉर्ममध्ये झोपता ती खोली पूर्वी कुणाचे तरी घर होती, हे या मांडणीत कुठेच येत नाही. क्रुमलॉव्हची लोकसंख्या सुमारे 13,000 आहे, पण त्यांतले बहुसंख्य लोक नदीच्या वळशाबाहेरच्या वस्त्यांत राहतात. जुन्या भागातली घरे एकामागून एक पेन्शन (म्हणजे छोटी अतिथिगृहे), हॉस्टेल आणि भाड्याच्या खोल्या झाली. दिवसाचा पाहुणा रस्ता अडवतो, पण संध्याकाळी तो मोकळा करून जातो. मुक्कामी पाहुणा घर अडवतो आणि ते परत मिळत नाही.

कातेर्झिना शेदा या चेक कलावतीने 2018मध्ये याच प्रश्नावर बोट ठेवले होते. व्हेनिसच्या आर्किटेक्चर बिएनाले या आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शनातील चेक दालनासाठी तिने क्रुमलॉव्हच्या मध्यवस्तीत चक्क मोबदला देऊन माणसे राहायला आणली, आणि त्यांचे काम काय, तर रोजचे सामान्य आयुष्य जगणे. जागतिक वारशाच्या यादीतल्या गावात सामान्य जगण्यासाठी पगारी माणसे लागावीत, यातला उपरोध मला विसरता येत नाही. तेव्हा आपल्याला रात्री जी शांतता भावली, तिचे एक कारण तिथे राहणारेच उरले नाहीत हेही आहे.

अर्धवेळ भटक्या

दोघांचीही चर्चा वाचनीय आहे, पण ती रजेच्या अर्जाशी कुणाची गाठ पडत नसल्यासारखी चालली आहे. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) शुल्क जून 2024पासून प्रौढामागे 90 युरो आहे, त्यावर किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, मुंबईहून विमानभाडे आणि प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा, एवढे सगळे जमवून चौघांचे कुटुंब बारा-तेरा दिवसांसाठी निघते, तेव्हा एका रात्रीसाठी प्रागची खोली सोडायची, सामान गोल दगडांच्या रस्त्यांवरून ओढत न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे, हे सोबत सत्तरीतले आईवडील असताना कसे करायचे? ज्याच्या पाठीवर एक सॅक आहे त्याला हे सुचते, आणि तो ते नियम म्हणून इतरांना सांगतो. ‘जाऊच नये’ हे शब्द मला म्हणूनच खटकले. चार तासांत किल्ला, सेंट व्हिटसचे चर्च आणि नदीकाठ नीट पाहून होतो. माझ्या आईवडिलांनी तो आनंदाने पाहिला आणि त्यांना काही निसटल्याची खंत नाही.

मधला मार्गही आहे. चेस्के बुद्येयोव्हित्से हे मोठे शहर तिथून जेमतेम 25 किलोमीटरवर आहे. तिथे मुक्काम करून सकाळी लवकर क्रुमलॉव्हला जाता येते, आणि निळावंती यांच्या आक्षेपाचेही बऱ्याच अंशी निराकरण होते.

जुनी बखर

निळावंती यांच्या प्रतिसादात ‘राहणारे’ हा शब्द आला आहे, म्हणून थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हे गाव प्रामुख्याने जर्मनभाषक होते. 1938च्या म्युनिक करारानंतर ते जर्मनीत गेले, आणि युद्ध संपल्यावर तिथल्या जर्मनांना हाकलून देण्यात आले. 1719पासून किल्ला ज्यांच्याकडे होता त्या श्वार्झेनबर्ग घराण्याची मालमत्ता 1947मध्ये खास कायदा करून काढून घेण्यात आली. रिकाम्या घरांत नव्याने वसवलेली माणसे आली, त्यांत रोमा (जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाची) कुटुंबेही होती; पुढची चाळीस वर्षे मध्यवस्तीकडे दुर्लक्षच झाले. 1989मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर आणि 1992मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यानंतर ज्या पैशांतून छपरे आणि भिंती सावरल्या गेल्या, त्यांतला मोठा वाटा पाहुण्यांचा आहे. म्हणून पर्यटकांनी मूळ रहिवाशांना घालवले, ही मांडणी मला अपुरी वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे रहिवासीही पाहुण्यांशी फार प्रेमाने वागत असे नाही. ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले याची आई याच गावची, तरीही 1911मध्ये तो इथे राहायला आला तेव्हा त्याची राहणी आणि त्याच्या चित्रांसाठी बसणाऱ्या मुली यांवरून गावकरी इतके बिथरले की त्याला काही महिन्यांतच गाव सोडावे लागले. पुढे त्याच्याच नावाचे कलाकेंद्र तिथे तिकीट लावून चालले. माणसांवाचूनची काळवंडलेली घरे त्याने ‘मृत नगर’ म्हणून रंगवली ती याच गावची, आणि तेव्हा तर तिथे हॉस्टेलेही नव्हती.

सॅकधारी

अर्धवेळ भटक्या, वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आपला मुद्दा रास्त आहे; पण माझा रोख पंचविशी-तिशीतल्या, एकट्याने फिरणाऱ्या आणि तरीही सहल कंपनीच्या वेळापत्रकाने गाव पाहणाऱ्यांवर होता. निळावंती, घरांचा मुद्दा गंभीर आहे, तरी दिवसाचे पाहुणे निरुपद्रवी आहेत हे गावालाच मान्य नाही. 2019पासून पर्यटकांच्या बसगाड्यांना तिथे आगाऊ नोंदणी आणि शुल्क लागू झाले. हॉस्टेलात उतरणाऱ्या एकट्या माणसासाठी तसा अडसर घालावासा त्यांना वाटला नाही.

निळावंती

कारण बस मोजता येते आणि तिच्यासाठी जागा लागते. घराची खोली होते तेव्हा कुठलेही फाटक उघडत नाही, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. जुनी बखर यांचा इतिहास मान्य आहे, पण 1947मध्ये एक अन्याय झाला म्हणून आजच्या भाडेकरूचा प्रश्न लहान होत नाही. बुद्येयोव्हित्सेचा पर्याय मला पटतो. सॅकधारी यांना तो का पटत नाही, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

ब्रनोकर

गेली काही वर्षे चेक प्रजासत्ताकात नोकरीनिमित्त राहतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. स्वतः चेक लोक उन्हाळ्यात इथे येतात ते बहुतांशी नदीसाठी : वरच्या अंगाला होडीत बसायचे, बंधाऱ्यांच्या कडेच्या घसरणीवरून खाली यायचे, क्रुमलॉव्हला बिअरपुरते थांबायचे आणि पुढे नदीकाठच्या तंबूतळावर झोपायचे. ते गावात मुक्काम करत नाहीत, त्यांना कुणी उथळ प्रवासीही म्हणत नाही. माझ्या मते किती वेळ राहिलात यापेक्षा कधी आलात हे महत्त्वाचे आहे. नोव्हेंबरमध्ये दुपारी दोन वाजताही लाट्रान गल्ली मोकळी असते. त्या काळात नाट्यगृह बंद असते, ही किंमत मात्र द्यावी लागते.

सॅकधारी

नाट्यगृह बंद असताना मी तरी जाणार नाही. आणि बुद्येयोव्हित्सेबद्दल : तिथून सकाळी लवकर येता येते हे खरे, पण बंधाऱ्याचा आवाज ऐकत रात्री पुलावर उभे राहायचे असेल, तर परतीच्या शेवटच्या गाडीचे वेळापत्रक आड येते. मला त्याच वेळेसाठी तिथे जायचे असते, त्यामुळे तो पर्याय माझ्या उपयोगाचा नाही.