जेवताना मोबाइल: मूल जेवतंय की आपण भरतोय?

गूळतूप: ताट आलं की आधी कार्टून, मग घास. घरोघरी हेच. माझ्या मते याला जेवण म्हणूच नये. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, आणि लक्ष पडद्यात असलं की ती झाली तरी कळत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्येच सांगितलंय: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास. तो तास आपल्याकडे जेवणातच उडतो.

साडेसातची_लोकल: बोलायला काय जातं! पोरीने दोन घासांत तोंड घट्ट मिटलं की काय करायचं? चिऊचा घास, काऊचा घास, खिडकीतला बोका हेही लक्ष दुसरीकडे वळवूनच भरवणं होतं ना? मोबाइल आला आणि लगेच पाप झालं?

गूळतूप: काऊ दाखवणारी आजी पोराच्या तोंडाकडे बघत असते. त्याने मान फिरवली की तिला कळतं. व्हिडिओला कळत नाही, एक संपला की दुसरा सुरू. (आजीही कधीकधी कोंबायची, ते सोडा.)

कोरा_चहा: तुम्ही भलत्याच ठिकाणी भांडताय. व्हिडिओच्या अधेमधे चॉकलेट-वेफर्सच्या जाहिराती चालतात, त्या बघून भाजी कोण मागेल? ब्रिटनने जानेवारी 2026 पासून असल्या खाण्याच्या ऑनलाइन सशुल्क जाहिराती बंद केल्या, टीव्हीवरही रात्री नऊपर्यंत बंदी. आपल्याकडे सगळं आईच्या डोक्यावर.

गूळतूप: जाहिरातींचं मान्य. पण वरणभाताच्या वाटीला जाहिरात लागत नाही, तरी ती मोबाइलवरच संपते. कारण ‘वाटी संपलीच पाहिजे’ हा हट्ट आपला. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होणारच. मूल खेळतंय, वजन डॉक्टरांच्या वाढीच्या तक्त्यात बसतंय, तर दोन घासांवर उठू द्या. पुढच्या जेवणाला भूक लागेल. मधे बिस्किटं मात्र नकोत.

साडेसातची_लोकल: हे वजनाचं गणित जरा आमच्या सासूबाईंना फोन करून सांगता का? ‘पोर वाळलं गं’ रोज मला ऐकावं लागतं. आणि बिस्किटांचा डबा त्यांच्याच कपाटात असतो.