दिवसाला दहा रिलीज? आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरला?

तापीकाठ: २००९ च्या व्हेलॉसिटी या वेब-तंत्रज्ञांच्या परिषदेत जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितलं, की फ्लिकर या फोटोंच्या साइटवर दिवसाला दहाहून जास्त वेळा डिप्लॉय होतं, म्हणजे नवा कोड चालू सर्व्हरवर चढतो. आकडा सोडा, कामाचं पुढचं आहे: बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) एका पायरीत, डिप्लॉय एका पायरीत, बदल छोटे, अर्धवट फीचर फ्लॅगमागे, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद बटणामागे, झाकलेलं. आपल्या जळगाव-धुळ्यात अजून कितीतरी ठिकाणी बिल्ड एकाच्याच लॅपटॉपवर होतो आणि एनीडेस्कनं, म्हणजे दुरूनच पीसी हाताळून, दुकानोदुकानी चढतो. तो सुट्टीवर, की रिलीजही सुट्टीवर! शुक्रवारी नको, दिवाळीआधी नको, हे नियम म्हणजे आपल्याच बिल्डवर आपला भरवसा नाही.

भुसावळ_जंक्शन: भो, फ्लिकरवर फोटो दिसला नाही तर कोणी रडत नाही. धनत्रयोदशीला सराफाचं बिल अडकलं तर गिऱ्हाईक समोर उभं असतं. आणि फ्लॅगचं कौतुक करतोस म्हणून सांगतो. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहारांची कंपनी. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही. नव्या कामाला जुनाच फ्लॅग वापरलेला, त्यानं तिथे वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले.

तापीकाठ: आठवा सर्व्हर माणसाकडून राहिला, कारण कोड हातानं चढवत होते. दाखला माझ्याच बाजूचा दिलास.

शिरपूरकर: फ्लॅग वाईट नसतो, मेलेला कोड न काढणं वाईट. आपल्याकडचंच बघा ना. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्याकडे दर टेबलात, लागू तारखेसकट. अपडेट आधीच सगळ्या डीलरांकडे गेलं होतं, मध्यरात्री कोणाला जागावं लागलं नाही. शिवाय जुन्या बिलाची क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघते. दर कोडमध्ये कोरणाऱ्यांनी हे कसं निभावलं, त्यांनाच ठाऊक. चढवणं एका दिवशी, चालू होणं दुसऱ्या दिवशी. दहा डिप्लॉयपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

भुसावळ_जंक्शन: हे पटलं. पण रोलबॅकचं, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतायचं, कोणी बोलेना. एक्झी (प्रोग्रामची फाइल) मागे नेता येते, डेटाबेसमधून उडवलेला कॉलम कुठून आणणार? आधी नवा कॉलम जोडायचा, काही काळ दोन्हींत लिहायचं, सगळे नव्या आवृत्तीवर आले की मगच जुना काढायचा. आमचे काही जिनिंगवाले तीन आवृत्त्या मागे आहेत, सीझनमध्ये पीसीला हात लावू देत नाहीत. तोवर दोन्ही कॉलम सांभाळायचे आम्हीच.

चाळीसगावचा: बॅकअप परत चढवूनही बघत जा रे. जानेवारी २०१७ अखेरीस गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचे बॅकअप उपयोगी पडले नाहीत, सहा तास जुन्या प्रतीवर भागवावं लागलं.

तापीकाठ: जंक्शनभाऊ, सीझनमध्ये नको, कबूल. पण नंतर तीन आवृत्त्यांचा ढीग एकदम चढवशील, तर काय बिघडलं ते शोधणार कसं? सीझन उलगडला की दर पंधरवड्याला थोडं थोडं दे.

भुसावळ_जंक्शन: देतो. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मात्र ज्यानं बटण दाबलं, सराफाचा फोनही त्यानंच उचलायचा.