लंडनच्या बँकेतला ‘स्प्रिंग वीक’: सुट्टीतलं काम सोडून जावं का?

मागवाला_लीड्स:

मंडळी, नमस्कार. मी इचलकरंजीचा, लीड्सला अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. एका मोठ्या बँकेच्या स्प्रिंग वीकसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना काही दिवस बँकेचं काम दाखवतात त्या कार्यक्रमासाठी, अर्ज टाकला होता. आधी आकडेमोडीची ऑनलाइन परीक्षा, मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर एकट्यानं बोलायची मुलाखत, असं करत परवा निवडीची मेल आली. ईस्टरच्या सुट्टीत चार दिवस, लंडनमधल्या कॅनरी वॉर्फ या बँकांच्या भागात.

अडचण अशी की त्या सुट्टीत मी सुपरमार्केटमध्ये जादा शिफ्ट घेणार होतो. कर्ज काढून आलोय, बाबांचे निम्मे माग सध्या बंद आहेत, त्यामुळं एकेका शिफ्टचा हिशेब असतो. वर्गातली मुलं म्हणतात डोळे झाकून जा. पण तिथं नेमकं काय होतं असं विचारलं की ‘ओळखी होतात’ एवढंच उत्तर मिळतं. ओळखी होऊन पुढं काय? शिवाय बाजारातलं मला पुस्तकाबाहेरचं काही कळत नाही. ते लोक आपल्यात काय बघतात? व्हिसाला हे चालतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

ठाणे_ते_टूटिंग:

अभिनंदन! जा रे. पहिल्या वर्षाच्या मुलाला या इमारतींत शिरायला फार वाटा नाहीत. प्रवासखर्च आणि राहायची सोय बँक करते का, हे तिकीट काढण्याआधी मेलवर विचारून घे. त्यात संकोच नको, सगळेच विचारतात. रेलकार्ड नसेल तर काढ. १६ ते २५ वयाच्या कार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. लीड्स ते लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनचं तिकीट आयत्या वेळी काढलंस तर खिसा रिकामा होतो.

कोयनाकाठची:

मी २०२४च्या मार्चमध्ये केलंय. बँक दुसरी असेल, पण ठिकाण हेच. मी कराडची, इथं गणित शिकायला आले होते. घरी बँक म्हणजे पासबुक भरून आणायची जागा, त्यामुळं तुझा प्रश्न मला नीट कळतो.

पहिला दिवस सगळ्यांचा सारखाच जातो. गळ्यात पास, प्रेझेंटेशनं, कुठला विभाग काय करतो त्याचे तक्ते. ते सगळं वेबसाइटवरही असतं. खरं ते पुढं, जेव्हा तुला कुणाच्या तरी शेजारी खुर्ची देऊन बसवतात.

मला गुरुवारी गिल्टच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांच्या डेस्कवर बसवलं. तारीख २१ मार्च. त्या दिवशी दुपारी बारा वाजता बँक ऑफ इंग्लंडचा, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेचा, व्याजदराचा निर्णय यायचा होता. ट्रेडिंग फ्लोअर म्हटलं की आरडाओरडा आठवतो ना? लंडन शेअर बाजारातला तो आवाज २७ ऑक्टोबर १९८६च्या ‘बिग बँग’नंतर व्यवहार पडद्यावर गेले तेव्हाच ओसरला. आमच्या फ्लोअरवर तर बाराला पाच कमी असताना एकदम शांतता झाली. मी मात्र निवांत होते, कारण दर बदलणार नाही असं सकाळच्या मीटिंगमध्ये सगळेच म्हणत होते. बाराला निर्णय आला. दर ५.२५ टक्के, होता तोच. आणि त्याच क्षणी पडद्यावरचे भाव हलले. रोखे वर, पौंड खाली.

दर तोच, मग भाव का हलले? जरा उसंत मिळाल्यावर मी शेजारच्या बाईंना हेच विचारलं. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. दर ठरवणारी समिती नऊ जणांची. फेब्रुवारीत सहा जण ‘आहे तो ठेवा’, दोन जण ‘वाढवा’ आणि एक जण ‘कमी करा’ म्हणाले होते. मार्चमध्ये आठ जण ‘ठेवा’ आणि एक ‘कमी करा’. वाढवा म्हणणारे दोघे गप्प झाले, म्हणजे कपात आता लवकर येईल असा बाजारानं अर्थ काढला. व्याजदर उतरणार म्हटलं की जास्त व्याज देणाऱ्या जुन्या रोख्यांना भाव येतो. कमी करा म्हणणाऱ्या एकट्या सदस्य म्हणजे स्वाती धिंग्रा, हेही मला तिथंच कळलं. नऊ जणांत एक भारतीय नाव, तेही बाकी सगळ्यांच्या विरोधात मत देणारं, याचा मला फार आनंद झाला होता. पहिली कपात ऑगस्टमध्ये आली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण, चार दिवसांत मला मिळालं ते हे. किंमत आणि व्याजाचं उलटं नातं मी वर्गात सिद्ध करून दाखवलं असतं. पण बातमी आकड्यात नसून मतांच्या फरकात होती, हे तिथं बसल्याशिवाय मला कुणी दाखवलं नसतं.

आता ते काय बघतात. आम्हाला गटात एक कंपनी दिली होती, तिचा शेअर घ्यावा की विकावा ते सांगायचं. आमच्यातली काही मुलं शाळेपासून गुंतवणूक क्लबात होती, धडाधड बोलायची. परीक्षक मात्र एकच विचारत होते: तुमचं म्हणणं चुकीचं ठरलं तर ते कशावरून कळेल? भल्याभल्यांना तिथं थांबावं लागलं. तुझी कंपनी कुठलीही असो, या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेव. बाजारातलं ज्ञान कमी असलं तर ते समजून घेतात, कारण पहिल्या वर्षाची मुलं आहेत हे त्यांनाही माहीत असतं. पण ठोकून दिलेलं लगेच ओळखतात.

शेवटच्या दिवशी मुलाखत झाली. सगळ्याच बँका घेतात असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी तिच्यावरूनच दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप देतात. ती नऊ-दहा आठवड्यांची असते आणि नोकरीचा रस्ता बहुतेक तिथूनच जातो. तुझ्या ‘पुढं काय’चं उत्तर हे. मला मुलाखतीत गुरुवारबद्दलच विचारलं आणि मी तो कागद आठवून बोलले.

अजून एक सांगते. ट्रेडर व्हायचं असं ठरवून मी गेले होते आणि येताना तो विचार सोडला. बाराच्या आधी एक माणूस दोनदा डेस्कवर येऊन ‘दर अर्ध्या टक्क्यानं हलला तर तुमचं किती बुडेल’ असं विचारून गेला. त्याचं काम म्हणजे मार्केट रिस्क. मी त्याला गाठून वेळ मागितला, त्यानं दिला, आणि आज मी त्याच प्रकारचं काम करते. हा विभाग तक्त्यात एका चौकोनाएवढाच होता. म्हणून सांगते, ज्या टेबलांभोवती मुलांची गर्दी असेल ती सोडून बाकीच्या टेबलांवरही जा.

शिफ्टचे पैसे बुडतील हे खरं आहे, आणि ते थोडे नसतात. तरीही जा.

जुना_लंडनकर:

व्हिसाचं मी सांगतो. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. ते चार दिवस तुमच्या विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत बसतात का, ते कॅलेंडरवर बघून घ्या. बँक कामाच्या हक्काचा पुरावा मागेल, तेव्हा ईव्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन व्हिसाच्या, खात्यातून शेअर कोड (तो हक्क ऑनलाइन तपासायचा कोड) काढून द्यायचा.

याहून महत्त्वाचं पुढचं आहे. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना १८ महिनेच मिळणार. तुमची बॅच त्यात येते. पुढं नोकरीच्या, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५पासून वर्षाच्या पगाराची साधारण किमान मर्यादा ४१,७०० पौंड आहे, नवोदितांना ३३,४००. या व्हिसासाठी परदेशी माणसाला स्पॉन्सर करायचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी वेबसाइटवर खुली असते. मात्र यादीत नाव आहे म्हणून ती कंपनी प्रत्येक पदाला व्हिसा देतेच असं नाही. तिथल्या एचआरला थेट विचारा: ‘या कार्यक्रमातून येणाऱ्या परदेशी मुलांना नोकरीच्या वेळी स्पॉन्सर करता का?’ माझ्या भाच्यानं दुसऱ्या एका कंपनीत हे आधी विचारलं नव्हतं. इंटर्नशिप झाल्यावर नकार कळला. पोरगं महिनाभर जेवलं नाही नीट.

मागवाला_लीड्स:

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलेंडर बघितलं, सुट्टीतच येतंय. मॅनेजरनं शिफ्ट पुढच्या आठवड्यात ढकलून दिल्यात. स्पॉन्सरचा प्रश्न एचआरला आजच मेल करतो. कोयनाकाठची ताई, वाचायचं काय ते सांग ना. आणि कपडे? माझ्याकडं सूट नाही.

कोयनाकाठची:

बँक ऑफ इंग्लंडच्या बैठकीचं इतिवृत्त निर्णयाबरोबरच बाराला त्यांच्या साइटवर येतं, फुकट. शेवटची दोन काढ आणि शेजारी शेजारी ठेवून वाच: कुणी मत बदललं आणि त्यानं कारण काय दिलं. भाषा सोपी असते, एका संध्याकाळचं काम आहे. सोबत एखादी अशी कंपनी निवड जिचा धंदा तुला आतून कळतो. तू मागाच्या घरातला आहेस, सुताचा भाव वाढला की कापडवाल्याचं काय होतं हे तुला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत असणार. इथल्या बाजारातली एखादी कपडे विकणारी कंपनी घे आणि तिचा वार्षिक अहवाल चाळ.

सूट चॅरिटी शॉपमध्ये (दानात आलेल्या वस्तूंच्या दुकानात) चांगला मिळतो, मीही ब्लेझर तिथूनच घेतला होता. बाह्यांची लांबी बघून घे आणि बूट आधी आठवडाभर घालून सैल कर, दिवसभर उभं राहावं लागतं.