सेप्सिसवर फाज : खरंच ‘अँटिबायोटिक्सचे दिवस भरले’?

रातपाळी : कालच्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्गानं सगळं शरीरच कोलमडतं, त्या आजाराच्या) धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, ‘रक्तात जंतू गेले की फाज टोचा, अँटिबायोटिक्सचे दिवस भरले.’ आयसीयूत एक रात्र काढा, मग बोला. फाज म्हणजे जंतू मारणारा विषाणू, आणि एक फाज एका जंतूच्याही मोजक्याच स्ट्रेनवर (उपप्रकारांवर) चालतो. आधी कल्चर (बाटलीत रक्त घेऊन त्यातला जंतू वाढवून ओळखायचा), मग लागू पडणारा फाज शोधा, वाढवा, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) काढून शुद्ध करा. तोवर पेशंटचं बीपी कुणी धरून ठेवायचं?

फाजवेडा : तो ‘कुणीतरी’ मीच. टॉम पॅटरसन हा पेशंट विसरलात? 2016, सॅन डिएगो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू कशालाच दाद देईना, माणूस कोमात. शिरेतून फाज दिले आणि शुद्धीवर आला.

शंकासुर : त्याला अँटिबायोटिक्सही चालू होती, हे बरोब्बर गाळता. सिडनीत स्टॅफ ऑरियस या जंतूचा गंभीर संसर्ग झालेल्या 13 पेशंटांना शिरेतून फाज दिले, 2020 मध्ये छापून आलं. अपाय झाला नाही एवढं कळलं. गुण फाजनं आला की औषधानं, हे कसं ठरवणार? तुलनेला गटच नव्हता!

आशुतोष_क : कल्चरचा विषय निघालाच आहे तर. वडिलांना हुडहुडी भरून ताप. अँटिबायोटिकचे तीन डोस गेल्यावर कुणाला तरी कल्चरची बाटली आठवली. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, म्हणजे बाटलीत जंतू वाढलेच नाहीत. मग अंदाजपंचे तीन औषधं. वाचले, पण किडनी बिघडली. यात फाज कुणावर सोडणार होतात?

रातपाळी : अगदी! आणि घेतात तेही एकच बाटली, अर्धी भरलेली. दोन जागांहून दोन संच घ्यायचे असतात, हे कुणाच्या गावीही नसतं.

सिस्टर_३ : आलं खापर आमच्यावर! ‘तासाभरात डोस गेला पाहिजे’ म्हणून ओरडायचं तुम्ही, आणि बसलेल्या शिरांतून बाटलीमागे दहा मिली काढायचं आम्ही. एकदा स्वतः सुई धरा.

रातपाळी : धरलीये. दोनदा हुकलीये. मान्य.

फाजवेडा : धागा फाजचा आहे, बाटलीचा नाही!!

शंकासुर : बाटली उशिरा, जंतू उशिरा, फाज त्याहून उशिरा. वरातीमागून घोडं.

फाजवेडा : बरं बाबा, ‘दिवस भरले’ मागे घेतलं. ‘जोडीला’ म्हणा. पण फाजपासून वाचायला अ‍ॅसिनेटोबॅक्टर अंगावरचं कवच (कॅप्सूल) टाकून देतो आणि जुनंच औषध पुन्हा लागू पडतं, हे तरी मानाल?

शंकासुर : कधीकधी. शरीर फाजविरुद्धच अँटिबॉडी करतं, हेही तुम्ही माना.

सिस्टर_३ : आशुतोष, पुढच्या वेळी सलाईनला औषध लागण्याआधी विचारा, ‘कल्चर घेतलं का?’ आम्हाला राग येईल. येऊ दे.

फाजवेडा : झालं? आता फाजवर बोलू?

रातपाळी : लिहून ठेवा. ड्यूटीवर निघाले, सकाळी वाचते.